सांडपाणी जिरवायची चार एकर: मुरबाडच्या प्लॉटच्या नोंदी, जानेवारी ते ऑक्टोबर २०२५

१३ जानेवारी २०२५

मुरबाड तालुक्यातला चार एकरांचा वरकस तुकडा. वरच्या अंगाला बटाटा वेफर्स आणि फरसाणाचा कारखाना, खाली ओहोळ आणि ओहोळाला लागून शेजाऱ्यांची भातखाचरं. ओहोळ पुढे काळू नदीला मिळतो. कारखान्याच्या ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करायच्या संयंत्रातून) रोज २० घनमीटर पाणी निघतं. गेली दोन वर्षं ते पाइपाच्या तोंडाशी सोडून दिलेलं, त्यामुळे चार एकर कागदावर असले तरी पाणी प्यायली ती वरची दीड एकरच.

आज आखणी केली. उताराला आडवे आठ पट्टे, प्रत्येकी अर्धा एकर (६७ बाय ३० मीटर). पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली, उतार सरासरी अडीच टक्के. तीन खड्डे खणून पाहिले: वर ४० सेंटिमीटरवर मुरुम लागतो, खाली ६० वर. माती चिकण पोयटा, तांबूस काळी. पट्टा १ ते ३ वर क्षारांची पांढुरकी पापडी दिसते, पायाखाली करकरते. लव्हाळा सोडला तर तिथे काही नीट उगवलेलं नाही.

नमुने प्रत्येक पट्ट्यातून दोन थरांचे, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर. आठ जागांची माती घमेल्यात एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणली. पापडी खरवडून फेकायची नाही, तीच तर मोजायची आहे.

२२ जानेवारी

जमीन पाणी किती पिते ते दुहेरी कड्याने मोजलं. आतलं कडं ३० सेंटिमीटर व्यासाचं, बाहेरचं ६०, दोन्ही १० सेंटिमीटर जमिनीत ठोकलेली. कड्यांवर लाकडी फळी आडवी ठेवून घण मारायचा, नाहीतर कडं तिरकं जातं आणि कडेने पाणी पळतं. पहिल्या तासाचे आकडे धरायचे नाहीत, ते कोरड्या भेगांचे असतात. वेग स्थिर झाल्यावर पट्टा ५ मध्ये तासाला १४ मिलिमीटर, पट्टा १ मध्ये ३.

एक चूक लगेच सुधारली. पहिल्या मोजणीत टँकरचं गोडं पाणी वापरलं होतं. उन्हाळ्यात जमिनीला मिळणार ते सांडपाणी, पावसाळ्यात मिळणार ते पाऊसपाणी, आणि अशा मातीत या दोघांचे आकडे सारखे येत नाहीत. म्हणून आता दोन्हींनी वेगवेगळी मोजणी. पट्टा १ मध्ये सांडपाण्याने तासाला ७, गोड्या पाण्याने ३.

६ फेब्रुवारी

पाण्याचा अहवाल आला. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याला पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मधल्या सर्वसाधारण मर्यादा अशा: बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) १००, निलंबित घन पदार्थ २००, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ५.५ ते ९. आपलं पाणी या चौकटीत बसतं. इथेच बहुतेक जण फाइल बंद करतात.

बीओडी १०० धरली तरी दिवसाला २ किलो, ती अर्ध्या एकरावर आठ दिवसांतून एकदा. माती ते सहज पचवते. नायट्रोजन ४० मिलिग्रॅम, म्हणजे पावसाळा सोडून आठ महिन्यांत चार एकरांवर १९० किलोच्या आसपास. संकरित नेपियर याहून जास्त उचलतं, युरियाचं पोतं आणायची गरज नाही.

गोची सोडियमची. सोडियम ३५० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (वजनाऐवजी विद्युतभार मोजणाऱ्या एककात) १५.२, २ आणि २. सोडियम शोषण गुणोत्तर (एसएआर) म्हणजे सोडियम भागिले कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचं वर्गमूळ: १५.२ भागिले १.४१, जवळपास १०.८. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) २ डेसिसीमेन्स प्रति मीटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिंचन वर्गात एसएआर २६ पर्यंत चालतो, म्हणून अहवालावर लाल शेरा नाही. पण दिवसाला ७ किलो सोडियम, २४० दिवसांत १,६८० किलो. मिठाच्या हिशेबात मांडलं तर एकरी ५० किलोच्या २१ गोण्या मीठ फेकल्यासारखं.

बीओडी माती खाते, नायट्रोजन गवत खातं. सोडियमला खाणारं कुणी नाही. ते चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा घेऊन बसतं.

१८ फेब्रुवारी

सोडियम येतं कुठून ते कारखान्यात फिरून पाहिलं. बॉयलरच्या सॉफ्टनरचं (पाणी मृदू करायच्या यंत्राचं) रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने धुणं, रोज, १२ किलो मीठ: सोडियम ४.७ किलो. फ्रायरची कढई उकळून धुवायला आठवड्याला २५ किलो कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड): दिवसाला सरासरी २ किलो. उरलेलं मूळ पाण्यातलं आणि मसाला ड्रममधून सांडणारं मीठ. हिशेब ७ किलोला टेकला, म्हणजे चोर दोनच.

सॉफ्टनर धुतलेलं खारं पाणी (रिजेक्ट) वेगळं काढायचं ठरलं. दिवसाला जेमतेम ७०० लिटर. त्याला स्वतंत्र पाइप, ५,००० लिटरची टाकी, तिथून टँकरने सामाईक प्रक्रिया केंद्राकडे, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात नोंद करून. कॉस्टिकऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर पोटॅश गवताच्या कामी येतं. पण २५ किलो कॉस्टिकच्या जागी ९० टक्के शुद्धतेचं ३९ किलो लागतं आणि भाव कितीतरी जास्त. तूर्त नाही. त्याऐवजी उकळीचं द्रावण गाळून दोनदा वापरायचं. मसाला ड्रमखाली आधी झाडू, मग पाणी. मीठ झाडून उचललं तर ते कचरा असतं, धुऊन काढलं की सांडपाणी.

१ मार्च

लावणी पूर्ण. संकरित नेपियर गवत, फुले जयवंत वाण, दोन डोळ्यांची कांडी, ९० बाय ६० सेंटिमीटर, ओळी उताराला आडव्या. एकरी साडेसात हजार कांड्या. आठ पट्ट्यांच्या खाली, ओहोळाच्या बाजूला ३० मीटरची पट्टी सांडपाण्याविना सोडली, त्यात पॅरा गवत आणि सर्वात खाली वाळ्याच्या दोन ओळी, १५ सेंटिमीटरवर एक ठोंब.

मुख्य पाइप ७५ मिलिमीटर एचडीपीई, प्रत्येक पट्ट्याला व्हॉल्व्ह. पट्ट्याच्या माथ्यावर ६३ मिलिमीटरचा भोकांचा पाइप, दीड मीटरवर ६ मिलिमीटरचं भोक. रेनगन (मोठा तुषार फवारा) नको म्हटलं: वाऱ्यावर तुषार रस्त्यापर्यंत जातात आणि वासाची तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. रोज एक पट्टा, २० घनमीटर, म्हणजे १० मिलिमीटर पाणी. मग सात दिवस विश्रांती. त्या सात दिवसांत मातीत हवा परत शिरते, तोच खरा उपचार.

२४ मार्च

पट्टा ४ ते ८ मध्ये माथ्याचं गवत पिवळं आणि ओलं, खालचं सुकलेलं. पाइपाची भोकं एकसारखी वाहत होती, दोष हिशेबात होता. पंप तासाला ५ घनमीटर देतो. ही माती तासाला १४ मिलिमीटर पिते. ५ भागिले ०.०१४ म्हणजे ३५७ चौरस मीटर, त्याला ६७ ने भागलं की ५.३ मीटर. पाणी पाइपापासून सव्वापाच मीटरपुढे जातच नव्हतं! कागदावरचे १० मिलिमीटर त्या चिंचोळ्या पट्टीवर ५६ पडत होते.

उपाय: पट्ट्यात सहा-सहा मीटरवर पाच जागा, झटपट जोडणीचा पाइप दर ४८ मिनिटांनी खालच्या जागी. एका माणसाचं चार तासांचं काम. मोठा पंपही चालला असता, पण मग पट्टा १ ते ३ वरून पाणी सरळ खाली पळालं असतं. तिथे पाणी मुरत नाही, इथे पसरत नाही. एकच पंप दोघांना लागू पडत नाही.

भोकं बुजण्याचंही सुरू झालंय. डिस्क फिल्टर अर्ध्या तासात चोंदतो, सालींचा तंतू आणि स्टार्चचा बुळबुळीत थर. डिस्क काढून टाकीच्या तोंडाशी तारेच्या जाळीची टोपली बसवली, पाइपाच्या शेवटाला फ्लश व्हॉल्व्ह. काम संपलं की २०० लिटर साधं पाणी सोडून पाइप मोकळा करायचा. रात्रभर पाणी पाइपात राहिलं की सकाळी आंबूस वास येतो आणि पहिली धार काळी.

१० एप्रिल

ईटीपीतल्या क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) गाळ वाहून आला. स्टार्च जास्त झाला की तंतुमय जिवाणू माजतात, गाळ फुगतो आणि खाली बसत नाही. ते पाणी पट्टा ६ वर गेलं, दोन दिवसांत करड्या कागदासारखा थर. वाळल्यावर दाताळ्याने फोडला. यापुढे नियम: सकाळी एक लिटरच्या काचेच्या बरणीत पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचं, तळाशी बोटभर गाळ दिसला तर त्या दिवशी जमिनीवर पाणी नाही, होल्डिंग टाकीत.

नव्या पाण्याचा अहवालही आला. सोडियम १२०, एसएआर ४, ईसी १. सॉफ्टनरचा एक पाइप बाजूला काढल्याची ही किमया.

२८ एप्रिल

पावसाच्या पाण्याची कामं. माथ्यावर चर, तळ ६० सेंटिमीटर, खोली ४५, म्हणजे कारखान्याच्या पत्र्यांचं आणि रस्त्याचं स्वच्छ पाणी प्लॉटमध्ये शिरणारच नाही. जे पाणी आत येऊच देत नाही, त्याला खाली पकडावंही लागत नाही.

खाली बांध आणि तळं. पहिल्या २५ मिलिमीटर पावसातलं निम्मं वाहील असं धरलं: १६,१९० चौरस मीटरवरून साधारण २०० घनमीटर. तळं १६ बाय १० मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. सांडव्यासाठी तासाला १०० मिलिमीटरची सर धरली: ०.५ (वाहणारा वाटा) गुणिले १०० गुणिले १.६२ (हेक्टर) भागिले ३६०, सेकंदाला २२५ लिटर. २ मीटर रुंद सांडव्यावरून १७ ते १८ सेंटिमीटरच्या धारेने हे निघून जातं, वर ३० सेंटिमीटर मोकळी उंची ठेवली. सांडव्याचं तोंड सरळ काढलं असतं तर शेजाऱ्यांच्या राबावर गेलं असतं, म्हणून दहा फूट डावीकडे वळवलं.

पावसाळ्यात रोजच्या २० घनमीटरचं काय, यावर बराच खल झाला. चार महिन्यांचे २,४०० घनमीटर साठवायचं उघडं शेततळं हा सुचवलेला उपाय देशावर ठीक, कोकणात नाही. तीन मीटर खोल तळं म्हणजे ८०० चौरस मीटर उघडं तोंड. त्यावर अडीच मीटर पाऊस पडला की २,००० घनमीटर नुसतं आभाळाचंच पाणी! त्याऐवजी १०० घनमीटरच्या दोन झाकलेल्या टाक्या, म्हणजे दहा दिवसांची सोय. वाळू गाळणीतून काढलेलं ८ घनमीटर रोज कूलिंग टॉवर आणि संडासाच्या टाक्यांना. राहिलेलं १२ टँकरने. महाग पडतं, पण हाच खर्च आधी धरला नाही म्हणून दोन वर्षं पावसात पाइप ओहोळाकडे वळत होता.

१२ मे

पहिली कापणी, ७२ दिवसांनी. शेवटचं पाणी आणि कापणी यांत १२ दिवस ठेवले. चारा ट्रकमधून प्लॉटबाहेर जायलाच हवा. तिथेच कुजू दिला तर नायट्रोजन जिथल्या तिथे. पट्टा १ ते ३ मध्ये तुटाळ फार, नांग्या भरल्या (रिकाम्या जागी पुन्हा कांड्या लावल्या) तरी निम्मंच उभं.

मातीचा ढेकूळ तपासला. वाटाण्याएवढा कोरडा खडा काचेच्या बशीत, वरून पावसाचं पाणी (गेल्या वर्षीचं, बाटलीत जपलेलं; डिस्टिल्डही चालतं). हलवायचं नाही. पट्टा ५ चा खडा फुटून ढिगारा झाला, पाणी स्वच्छ. पट्टा २ च्या खड्याभोवती दहा मिनिटांत दुधाळ कडं, दोन तासांत बशीभर ढग. खडा मोडणं वेगळं आणि कण पाण्यात सुटणं वेगळं, दुसऱ्याला घाबरायचं.

उन्हाळ्यात ही माती का शांत असते ते एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) तक्त्यातून दिसतं. एसएआर ६ ते १२ असेल तर पाण्याची ईसी १.९ च्या वर असेतो मुरण्याला धोका नाही, ०.५ च्या खाली गंभीर. आपलं जुनं पाणी २ चं होतं, क्षारच मातीला बांधून ठेवत होते. पावसाच्या पाण्याची ईसी जवळपास शून्य. पहिल्या सरीला बांधणारं निघून जातं, सोडियम मागे राहतं, माती सुटते आणि पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होतो.

कॅल्शियम देऊन सोडियम हटवायला जिप्सम, त्याचा हिशेब: पट्टा १ ते ३ मध्ये ईएसपी (मातीच्या कणांवर सोडियमने अडवलेल्या जागेचा टक्का) १२ ते १३, सीईसी (कणांवरची अशी एकूण जागा) ३२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम. ६ वर आणायची तर सुमारे २.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम सोडियम काढायचं. १५ सेंटिमीटर थराला दर मिलिइक्विव्हॅलंटमागे हेक्टरी १.७ टन शुद्ध जिप्सम, म्हणजे ३.८ टन. शुद्धता ७० टक्के, म्हणून ५.४. अर्ध्या एकराला १.१ टन, २२ गोण्या. तीन पट्ट्यांना ६६. दोन तृतीयांश वरच्या १० सेंटिमीटरमध्ये कुळवाने मिसळायचं, एक तृतीयांश वरच ठेवायचं, कारण लिंपण वरच होतं. खोल नांगरून पुरलं तर नेमकं जिथे हवं तिथे कमी पडतं.

२३ मे

४४ गोण्याच आल्या, पट्टा १ आणि २ उरकले. पट्टा ३ च्या २२ गोण्या ३० मेच्या गाडीत. अवकाळी सरी सुरू आहेत.

२७ मे

काल मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान विभागाने जाहीर केलं, नेहमीची तारीख ११ जून. आम्ही ११ जून धरून आखणी केली होती. पट्टा ३ उघडाच सापडला.

दोन बाटल्या भरल्या, पट्टा २ आणि पट्टा ३ च्या खालच्या कोपऱ्यांतून वाहतं पाणी, एक-एक लिटर. दोन्ही चहासारख्या. पाऊण तासात पट्टा २ ची बाटली वरून निवळली, तळाला दोन बोटं गाळ. पट्टा ३ ची आज सकाळीही तशीच, दूध घातल्यासारखी, तळाला जवळजवळ काही नाही. म्हणजे पट्टा ३ चा गाळ तळ्यात बसणार नाही. तो सांडव्यावरून ओहोळात जातो. तळं कितीही मोठं करा, सुटलेली चिकणमाती तळ्याने थांबत नाही.

सांडव्याच्या डाव्या कडेला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) राहिलं होतं, तिथे हातभर घळ पडली. मातीच्या गोण्या लावल्या.

५ जून

उघडीप मिळाली. पट्टा ३ वर २२ गोण्या फेकल्या, मिसळल्या नाहीत. ओल्या चिकणमातीत कुळव घालणं म्हणजे विटा पाडणं. पसरलेल्या जिप्समवर नेपियरचं कापलेलं गवत एक थर, थेंबांचा मार थेट मातीला बसू नये म्हणून. एवढं जिप्सम विरघळायला १५० ते १६० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरावं लागतं. वाहून गेलं ते धरायचं नाही.

तळ्यातलं पाणी पट्टा ७ वर परत फिरवलं, तळं रिकामं ठेवलं.

२१ जुलै

जमिनीवर पाणी बंद. उघडीप आली की कारखान्यातून विचारणा होते, "आज सोडायचं का?" उत्तर माणसागणिक बदलू नये म्हणून तीन अटी फळ्यावर लिहिल्या: ४८ तासांत पावसाचा इशारा नाही, ३० सेंटिमीटर भोकात तासाभरात पाणी साचत नाही, त्या खोलीची माती मुठीत दाबून टिचकी मारली की फुटते. तिन्ही जुळल्या तरच, तेही पट्टा ४ ते ८ वर, ५ मिलिमीटर. जुलैत एकदाही जुळल्या नाहीत.

१९ ऑगस्ट

पट्टा १ च्या खाली तीन मीटर खोल निरीक्षण नळी आहे, दोन इंची पीव्हीसी, खालच्या मीटरला खाचा. पाणी काढलं तेव्हा स्वच्छ, संध्याकाळी बादलीत तांबूस थर. दोन वर्षांचा सेंद्रिय साठा अधिक पावसाने कोंडलेली हवा: मातीतलं लोह आणि मँगनीज विरघळून खाली उतरतंय. शेजारच्या विहिरीचं पाणी अजून ठीक, नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर मर्यादेपेक्षा बरंच खाली. दर महिन्याला दोन्ही तपासायचं.

चरात इंद्रधनुषी तवंग दिसला, फ्रायरचं तेल म्हणून धावपळ झाली. काडीने मोडून पाहिला. काचेसारखे तुकडे होऊन तसेच तरंगत राहिले, म्हणजे लोह जिवाणूंचा. तेल असतं तर काडी काढताच परत जुळलं असतं. फॅट ट्रॅप (तेल-चरबी अडवायची टाकी) तरी उघडून पाहिला, अर्धा भरलेला. आठवड्याऐवजी चार दिवसांनी उपसायचा.

१८ ऑक्टोबर

पावसानंतरची माती. ईएसपी पट्टा १ आणि २ मध्ये १३ वरून ७, पट्टा ३ मध्ये १२ वरून १०. पावसाच्या पाण्याने मुरण्याचा वेग पट्टा २ मध्ये ८, पट्टा ३ मध्ये ४. पट्टा ४ ते ८ जैसे थे. क्षार मात्र सगळीकडे धुऊन गेलेत, ईसी तिन्ही वरच्या पट्ट्यांत निम्म्याहून खाली. कोकणच्या पावसाचा हा फायदा, फक्त धुण्याआधी मातीला कॅल्शियम दिलेलं असायला हवं.

२० पासून पाणी सुरू, क्रम ४ ते ८, मग १ आणि २. पट्टा ३ मार्चपर्यंत कोरडा, एकदा कुळवून त्यावर ताग. सात पट्ट्यांवर आठवड्याचं चक्र, मात्रा तीच १० मिलिमीटर.

पट्टा ३ साठी १४ गोण्या जिप्सम, १ एप्रिलला शेडमध्ये, फळ्यांवर रचून, भिंतीपासून हातभर सोडून. पसरणं ३० एप्रिलच्या आत. सांडव्याच्या डाव्या कडेचं पिचिंग त्याआधी, दीड ब्रास दगड सांगितलाय.